दिवस बुडायच्या आत लंडन

“कुठं चालले?” हा प्रश्न मेश्राम कंट्रोलरांनी जन्मात कुणाला विचारला नसेल. त्यांचा प्रश्न एकच: “पोचता कधी?” वऱ्हाड निघालेलं असो, कोर्टाच्या तारखेला निघालेला म्हातारा असो, की परीक्षेला निघालेली पोरगी असो. एकदा मी तापानं फणफणत देवरीच्या बसस्थानकावर गेलो. म्हटलं, “काका, गोंदियाला डॉक्टरकडे जातोय.” त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “कुठं जाता ते नाई इचारलं मास्तर. पोचता कधी? ही आमगाववरून जाते, साडेअकराले पोचवते. डॉक्टर साडेबाराले येते. तिथं तासभर कन्हत बसन्यापेक्षा इथं बसा, चाय घ्या, मागच्या गाडीनं जा.” त्या चहानंच माझा ताप निम्मा उतरला, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच ते स्वतःला कमी समजत नव्हते.

देवरीला ते एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली ते लिहायचं आणि माइकवरून पुकारायचं. सारं गाव त्यांना कंट्रोलर साहेब म्हणे. ठेंगणी मूर्ती, पोट जरा पुढे, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की वीज गेली तरी पुकारा हायवेवरच्या ढाब्यापर्यंत ऐकू जाई. गाडी लेट आहे अशी कुणी कुरकुर केली की ते शांतपणे सांगत, “गाडी लेट नाई. तुमी लवकर आले.” पुढे निवृत्त झाले, पण रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास स्टँडवर बसून येत. नवा कंट्रोलर बिचारा गरीब होता, त्यानं कधी तक्रार केली नाही.

मी सांगलीकडचा. भूगोलाचा शिक्षक म्हणून पहिल्या नेमणुकीवर देवरीला उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या आणि काखेत एक पृथ्वीचा गोल होता. गोल स्वतःच्या पैशानं घेतलेला, शहाणपणा जन्मजात. उतरल्या उतरल्या मला घरची आठवण यायला लागली, म्हणून मी चौकशीच्या खिडकीत विचारलं, “इथून सांगली किती लांब पडते हो?”

“तीस तास,” आतून उत्तर आलं.

“मी अंतर विचारतोय.”

“मंग मी काय सांगतलं? भाव सांगतला का कांद्याचा?” खिडकीतून एक गोल चेहरा बाहेर आला. “किलोमीटर सरकारले सांगावं मास्तर. मानसाले टाइम सांगावा. किलोमीटरनं भूक नाई लागत, टाइमनं लागते.”

मी मास्तर आहे हे त्यांनी गोलावरून ओळखलं होतं. खोली शोधतोय हेही ओळखलं. आठ दिवसांत मी त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत राहायला गेलो आणि बदली होईपर्यंत, पुरी सहा वर्षं, तिथंच राहिलो.

घरातही त्यांचं स्थानक चालूच असे. ओसरीच्या भिंतीवर एक काळी पाटी टांगलेली. तिच्यावर खडूनं रोजचं वेळापत्रक: पाणी भरणे सहा दहा, चहा सहा पस्तीस, आंघोळ सात. एकदा त्यांनी लिहिलं होतं, ‘पंचफुला बोलते : सात ते नऊ, विनाथांबा’. पंचफुलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या झाडू घेऊन आल्या, पाटीकडे पाहिलं, खडू उचलला आणि ‘नऊ’ खोडून ‘अकरा’ केलं. काका दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दुरुस्ती दाखवत होते.

काकू मोजकं बोलत, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. पण त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे घरात कुणाची टाप नव्हती. घरातली लेक तिथंच राहील, जिथं तिच्या मायबापाला पहाटे निघून दिवस बुडायच्या आत पोचता येईल. लग्न असो, शिक्षण असो की नोकरी. ह्या नियमामागे त्यांची मोठी बहीण होती. तिला छत्तीसगडात, राजनांदगावच्याही पलीकडे आडरानातल्या गावात दिली होती. बाळंतपणात ती अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला. काकू तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या. घरची सगळी पहाटे निघाली, दोन गाड्या बदलल्या, तिसरी मिळालीच नाही, रात्र एका झाडाखाली काढली. दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. “एक दिवस,” काकू सांगत. “एकाच दिवसानं चुकली माही बहीन.” एवढं सांगून त्या उठून कामाला लागत.

त्यांना एकच लेक, प्रज्ञा. नर्सिंग शिकली आणि नागपूरला मोठ्या दवाखान्यात लागली. नागपूर तीन तास, नियमात बसत होतं. पोरगी हुशार, बापासारखी बडबडी आणि आईसारखी हट्टी. एका जून महिन्यात ती सुट्टीवर आली आणि रात्रीच्या जेवणात तिनं सांगून टाकलं: लंडनच्या एका दवाखान्यानं तिची निवड केली आहे, सप्टेंबरात रुजू व्हायचं आहे.

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. काकूंनी विचारलं, “किती लांब आहे?”

कधी नव्हे ते काका गप्प बसले, म्हणून मी तोंड घातलं. अहो, भूगोलाचा मास्तर पानावर बसलेला असताना असा प्रश्न वाया जाऊ द्यायचा म्हणजे पाप! म्हटलं, “मुंबईहून विमानमार्गे सात हजार दोनशे किलोमीटर, काकू.”

काकूंनी ताट बाजूला सारलं. “नाई,” एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. प्रज्ञानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली.

पुढचे दोन दिवस घरात स्मशानशांतता. प्रज्ञा खोलीतून बाहेर येईना. तिची सारी मेहनत, इंग्रजीची परीक्षा, ड्युटी करून रात्र रात्र केलेला अभ्यास, सारं एका शब्दावर अडलं होतं. काका तिची समजूत घालत नव्हते की काकूंची. नुसते तिच्या मोबाईलवर विमानांच्या वेळा बघत बसत आणि पाकिटाच्या पाठीवर काहीबाही लिहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ओसरीवरची पाटी स्वच्छ पुसलेली आणि तिच्यावर ठळक अक्षरात नवीन वेळापत्रक:

‘देवरी, जीप, पहाटे २.३०. नागपूर विमानतळ ५.१५. विमान ७.००. मुंबई ८.३५. मुंबई सुटणार दुपारी १.३०. लंडन पोचणार सायंकाळी ६.३०.’

काका पाटीशेजारी ताठ उभे राहिले आणि स्टँडवरचा आवाज लावला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे! देवरी ते लंडन, मार्गे नागपूर-मुंबई! मुंबईवरून दीडले सुटते, साडेसहाले लागते. पाच तास! पंचफुला, ऐकून रायली ना? पाच तास. आपली गोंदियावरून पुन्याची रेल्वे किती घेते? मास्तरची सांगली तीस तास आहे. लंडन सांगलीच्या अलीकडं आहे!”

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. पाटी वाचली, एकदा, दोनदा. “साडेसहाले? त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी. दिवस डुबायच्या आत. मोबाईलवर लिहिलं आहे, दाखवू?”

आता इथं कोणताही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी धावत खोलीत गेलो आणि पृथ्वीचा गोल घेऊन आलो. “काका, तुमची गफलत होतेय,” मी म्हटलं आणि गोल फिरवून भारत दाखवला, इंग्लंड दाखवलं, सूर्य म्हणून ओसरीतला बल्ब दाखवला. “तिकडची घड्याळं साडेचार तास मागं आहेत. विमानाला पाच नाही, साडेनऊ तास लागतात. पटत नसेल तर परतीची वेळ बघा. तिकडून सकाळी दहाला निघालं तर मुंबईला रात्री बारा होतात. चौदा तास! एकच रस्ता, एकच विमान, मग जाताना पाच आणि येताना चौदा कसे?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली होती, तिचा चेहरा पांढराफटक. काकांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

“काऊन नाई लागनार? जाताना रिकामी जाते, येताना भरून येते. भरलेली गाडी कधी पळते का? तिथून लोकं सामान केवढं आनतात, पाहिलं का तुमी? टीव्ही आनतात, सूटकेसा आनतात. लोड आहे मास्तर, लोड!”

“काका, विमान आहे ते!”

“मंग विमानाले वजन नाई का? तुमचा गोला तुमच्या शाळेत ठेवा. पृथ्वी तुमची, टाइमटेबल माहं.”

 काकू पाटीकडे पुन्हा एकदा बघून म्हणाल्या, “दिवस डुबायच्या आत पोचते ना? मंग जाऊ द्या पोरीले.” प्रज्ञा धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. मी मात्र गोल काखेत घेऊन रागानं धुमसत उभा होतो. खोटं शिकवलेलं मला सहन होत नाही, वर्गात तर मी पट्टीच उचलली असती.

काकांनी माझा दंड धरला आणि मला थेट स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. दोन चहा सांगितले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, “मास्तर, पस्तीस वर्ष टाइमटेबल वाचलं मी. एकच गाडी जाताना पाच तास अन येताना चौदा तास घेत असली, तर फरक गाडीत नाई, घड्याळात आहे. हे मले दोन दिवस आधी, पहिल्याच नजरेत समजलं. साडेनऊ तास. बरोबर?”

मी चहा सांडला. “मग काकूंना खोटं कशाला सांगितलं?”

“खोटं कोनतं? तिचा नियम काय आहे? दिवस डुबायच्या आत. तुमी भूगोलाचे आहा, सांगा मले, सप्टेंबरात लंडनमंधी साडेसहाले दिवस वरतं राहते का नाई?”

मी मनात हिशेब केला. “राहतो,” मला कबूल करावं लागलं. “सव्वासातपर्यंत.”

“मंग?” काकांनी बशीत चहा ओतला. “तिचा नियम मले मोडाचा नाई. तो तिचा नियम नाई मास्तर, तिच्या बहिनीचा आहे. मोडाले लावला असता, तर ती रडत पाठवती अन पोरगी रडत जाती. नियमात बसवून पाठवली, तर हासत जाते. अन खरा टाइम धरला तरी देवरीवरून साडेवीस तास होतात. तुमची सांगली तीस. तुमच्या मायनं तुमाले पाठवलंच ना?”

 आई मला सोडायला सांगली स्टेशनवर आली होती आणि गाडी हलेपर्यंत डब्यात चटणीची बरणी सरकवत राहिली होती, ते आठवलं. मी चहाचा दुसरा कप सांगितला.

पण ती बातमी एका दिवसात गावभर झाली आणि मग लोकांना काय, फुकटची करमणूकच झाली. काका स्टँडवर दिसले की रिक्षावाले ओरडत, “साहेब, दो टिकट लंडन!” कुणी विचारी लंडनची गाडी सडक अर्जुनीला थांबते का, कुणी म्हणे वाटेत जेवायला कोणत्या ढाब्यावर उतरवतात. पानवाल्यानं तर आपल्या टपरीवर ‘लंडन पाच तास’ असं लिहून बाण काढला. वेळेच्या बाबतीत ज्यांचा शब्द तालुक्यात शेवटचा समजला जाई, त्यांना शाळेची पोरं हसायला लागली. आमच्या शिक्षककक्षात तर माझीच चेष्टा: “सहा वर्षं घरात राहता आणि घरमालकाला साधे रेखांश शिकवता आले नाहीत?” मी दात-ओठ खाऊन गप्प. मला गप्प बसणं किती जड जातं ते माझ्या ओळखीच्यांना विचारा. काका मात्र प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे सांगत, “पाच तास. तिकिटावर छापलं आहे.” मी एकदा म्हटलं, “काका, वाईट नाही वाटत?” म्हणाले, “पस्तीस वर्ष लोकायनं शिव्या देल्या. हासनं तर बढती आहे.” पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर स्टँडवरून घरी आले, हे मी पाहिलं.

सप्टेंबरात प्रज्ञा गेली. पाटीवर लिहिल्याप्रमाणे पहाटे अडीचला जीप निघाली. काका-काकू तिला नागपूरच्या विमानतळावर सोडून एसटीनं दुपारी परत आले. दीडच्या सुमाराला प्रज्ञाचा निरोप आला, विमानात बसले म्हणून. तोवर सगळं ठीक होतं. खरी पंचाईत पुढं होती. काकूंच्या हिशेबानं लेक साडेसहाला पोचणार. खरं तर विमान आपल्या घड्याळात अकराला उतरणार होतं. मधले साडेचार तास काकूंनी कसे काढायचे? बहिणीच्या वेळी जी वाट पाहिली होती, तीच पुन्हा पाहायला लावायची? आम्ही दोघांनी गुपचूप तालीम करून ठेवली होती. साडेसहा झाले की काकांनी म्हणायचं, “लेट दिसते.” मग मी मोबाईल बघून म्हणायचं, “हो, आभाळात गर्दी आहे, विमानाला उतरायला जागा मिळत नाहीये.” ह्यापेक्षा भिकार नाटक देवरीत कधी झालं नसेल.

साडेसहा वाजले. काका ओसरीत खुर्चीवर बसले होते, कपाळाला घाम. काकू आत चुलीशी. काकांनी घसा साफ केला. हजारो गाड्या पुकारलेला तो आवाज चक्क कापत होता. “लेट दिसते बापा गाडी.”

“हो,” मी मोबाईलकडे बघत म्हणालो. “आभाळात गर्दी आहे.”

काकू दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. आमच्यापुढे ठेवली. “गर्दी-बिर्दी राहू द्या. जेवून घ्या दोघं. अकराच्या आधी नाई येत तिचा फोन.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मी मान जोरजोरात हलवली. आईशप्पथ, मी काही सांगितलं नव्हतं.

“तुले... कोनं सांगतलं?” काका कसेबसे म्हणाले.

“कोनं सांगाव?” काकू खाली बसल्या. “पोरगी खोलीत रुसून बसली होती, तवा तिले लंडनच्या दवाखान्याचा फोन आला, मी बाजूलेच होती. इथं दुपारची चाय होऊन रायली होती, अन तिकडची बाई तिले गुड मॉर्निंग म्हने. तवाच समजलं, तिकडं दिवस मांगून निंगते. अन इतके वर्ष कंट्रोलरच्या घरात काढले मी, मले टाइम नाई समजत का?”

“मंग त्या दिवशी बोलली काऊन नाई?”

“बोलनार होती.” काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. “पोरीले पाठवाचं तर मलेही वाटे. पन मीच नियम मोडला असता, तर बहिनीले काय सांगतलं असतं? तुमी मोडू नाई देला. मास्तर गोला घेऊन आले, तवा तोंडावर आलं होतं माह्या. मंग तुमच्याकडं पाहिलं. ह्या मानसाचा जन्म टाइम सांगन्यात गेला, अन आता पोरीसाठी साऱ्या गावात चुकीचा टाइम सांगाले उभा आहे. तुमी एवढे येडे बनले, मंग मीच कायले शहानी बनू?”

 काकांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला पुसले. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं आणि ते खवळून उठले. “म्हंजे तीन महिने सारं गाव मले हासलं, लेकरं हासले, त्या पानवाल्यानं बान काढला, अन तुले सारं मालूम होतं? मी फुकटच येडा बनलो?”

“फुकट काऊन?” काकू त्यांच्या ताटात भात वाढत म्हणाल्या. “पोरगी हासत गेली ना.”